एकशे दहा अंडी आणि एक पिल्लू

एकशे दहा मोठे की एक? पहिलीतल्या पोरालाही सुटेल असा हा प्रश्न. पण त्या दुपारी तोच प्रश्न केतकी तांडेलला सुटेना.

शेवरी बेटावरच्या संशोधन केंद्रात ती आणि तिचे आबा दोघंच होते. आबा समुद्री जीवांचे शास्त्रज्ञ. चक्रीवादळ अंदाजाच्या आधीच येऊन धडकत होतं. पडद्यावर ‘कुर्ली’ दिसत होती, खेकड्यासारखं चालणारं, झाडावरही चढणारं यंत्र. तिची बॅटरी एकाच फेरीपुरती उरली होती.

किनाऱ्याच्या एका टोकाला वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीची एकशे दहा अंडी पुरलेली होती. दुसऱ्या टोकाला, सुरूच्या झाडावर, फ्रिगेट या समुद्रपक्ष्याचं एकुलतं एक पिल्लू होतं. दोन्ही जाती या बेटावरून नाहीशा होण्याच्या वाटेवर. आणि लाटा दोन्हीकडे चढत होत्या.

“अंडी आणूया,” केतकी म्हणाली. कासवीला ती अंडी घालताना तिने स्वतः पाहिलं होतं. “एकशे दहा जीव आहेत, आबा.”

“हजार पिल्लं समुद्रात गेली, तर त्यातलं जेमतेम एखादं मोठं होतं,” आबा म्हणाले. “आई अंडी पुरून निघून जाते. खेकडे, पक्षी, मासे बाकीची खातात. म्हणून तर ती इतकी घालते.”

“आणि फ्रिगेट?”

“एकच अंडं. मग वर्षभर आईबाप त्या एकाला भरवतात. ते जगण्याची आशा बरीच जास्त. पण ते गेलं, तर पुढच्या हंगामापर्यंत दुसरं अंडं नाही.”

पडद्यावर सुरूचं झाड एका बाजूला झुकलं. पिल्लू फांदीला चिकटून बसलं.

“त्याला पोहता येतं ना?”

“नाही. फ्रिगेटच्या पिसांना पुरेसं तेल नसतं. भिजली की जड होतात, आणि तो बुडतो. आणखी एक, केतकी. अंड्यातला गर्भ (वाढणारं पिल्लू) आता आतून कवचाला चिकटलाय. घाईत हलवली तर बरीचशी अंडी वाटेतच मरतील.”

केतकीने डोळे मिटले. मग तिने कळ दाबली. “कुर्ली, सुरूकडे.”

कुर्ली बुंध्यावर चढली. तिने पिल्लाला टोपलीत घेऊन झाकलं, आणि खाली उतरताच झाड कोसळलं. दुसऱ्या पडद्यावर एक लाट अंड्यांसकट वाळू ओढून गेली. केतकीने तिकडे पाहिलं आणि ती रडली. आबांनी तिला रडू दिलं.

वादळ ओसरल्यावर त्यांनी पिल्लू जवळच्याच दुसऱ्या झाडावर ठेवलं. त्याचा बाप आकाशातून उतरला आणि त्याने भरवायला आपली चोच पिल्लासमोर उघडली. त्याच आठवड्यात एका पहाटे एक कासवी किनाऱ्यावर आली आणि उंचावरच्या वाळूत खड्डा उकरू लागली.

“तीच का?” केतकी कुजबुजली.

“असेलही. एका हंगामात ती दोनतीनदा घालते, आणि पुढेही कित्येक वर्षं. फक्त ती जिवंत राहायला हवी.”

“म्हणजे पक्षी असो की कासव, मोठं झालेलं एकेक जनावर सगळ्यात मोलाचं,” केतकी म्हणाली. “आबा, बंदरावरचा नरेशकाका मासेमारी करतो त्या ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला बाहेर पडायचं दार आहे का?”

“नाही.”

“मग आज बंदरावर जाऊन त्याला ते बसवायला सांगूया.”