एक जून त्र्याऐंशी

कागद विकणाऱ्याने त्यावर काय छापतात ते बघू नये, हा माझा धंद्याचा नियम. शहाऐंशी साली तो मोडला. वर्सोव्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता, त्याच्या कागदाचं खोकं पोचवायला मी गेलो होतो. मशीन चालवणारा जयवंत चहा पाजल्याशिवाय कधी सोडायचा नाही.

त्या दिवशी त्याच्यापुढे हरेश्वर कोळी उभा होता. त्याची तीन वर्षांची सोनू आत तापाने फणफणलेली, आणि मशीन तिच्या औषधाची चिठ्ठीच छापून देईना. पडद्यावर तिच्या नावापुढे शेरा होता: मयत.

"तिच्या पणजीचंच नाव ठेवलंस ना पोरीला?" जयवंत म्हणाला. "म्हातारी इथंच वारली. तिची जन्मतारीख कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून सगळ्यांसारखी एक जून लावली. आळशी कारकुनाने पोरीलाही तीच लावली. म्हातारी अठराशे त्र्याऐंशीची, पोर एकोणीसशे त्र्याऐंशीची. पण जागा वाचवायला मशीन सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवतं. नाव तेच, घर तेच, तारीख तीच. दोघींची नोंद एक झाली, बघ."

"मंग शेरा काड ना. पोर जिती हाय माजी."

जयवंतने शेरा पुसला. औषध सुरू झालं, ताप उतरला.

पुढच्या खेपेला गेलो, तर हरेश्वर पुन्हा तिथंच. खांद्यावर सोनू, सुकवलेल्या बोंबलासारखी.

"शेट, घरात मशेरीचा वास येतो... पणजी लावायची तसला. खाटेखाली कोन तरी खोकतं. पोर जेवते, पन अंगाला लागत नाय." तो जयवंतकडे वळला. "तो शेरा परत मार."

मी हसलो. जयवंत हसला नाही.

"नोंद एकच आहे रे, मशीन ती वेगळी करू देत नाही... मारला तर दोघींना लागेल."

हरेश्वर बराच वेळ पोरीची पाठ थोपटत राहिला.

"रोज थोडी थोडी खाते ती हिला," तो म्हणाला. "एकदाच होऊ दे."

जयवंतने कळ दाबली. सोनूची मान बापाच्या खांद्यावर कलली, एवढंच.

उन्हं उतरताना तिला खाडीकाठी पुरलं. घरातलं माणूस न् माणूस आमच्यासोबत होतं. परतलो तेव्हा हरेश्वरच्या दाराला आतून कडी होती, आणि फटीतून मशेरीचा वास येत होता.

मी हात उचलला. त्याने माझं मनगट धरलं.

"वाजवू नका, शेट..." तो कुजबुजला. "ती उघडंल."