धुरा पेटला, डोंगर उडाला

डॉ. शिवकन्या जिंतूरच्या डोंगरात निघाली होती, ती पत्र्याचे डबे आणायला! वणव्यात जळून काळ्या पडलेल्या उतारावर तिने ते बांबूंवर बसवले होते. वारा येईल तिकडे डब्याचं तोंड फिरायचं आणि उडणारी माती आत साठायची. उजाड उतारावरून वारा किती माती पळवतो, हे त्यातून कळणार होतं. उद्या परभणीत बैठक होती. डब्यांत काही नसलं, तर संशोधन बंद!

संशोधनाचे पैसे मंजूर करणाऱ्या साहेबांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "अहो, माती जड असते. उडते ती धूळ!" या साहेबांनी हा डोंगर पाहिला होता तो गाडीतून, तेही काच वर करून! आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पोरी, पाणी पी. सायबाला शिव्या मागून दे," उमाजीमामा म्हणाले. ते याच डोंगरात मेंढरं चारायचे.

"पाणी पिऊन देते!"

चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. दगडधोंड्यांचा कोरडा ओढा चढून, करवंदीच्या जाळ्यांत ओरबाडून घेत दोघं काळ्या उतारावर पोचले. डबे चांगले जड लागले. शिवकन्येचा चेहरा खुलला. तिने ते पोत्यात भरून पोतं पाठीवर घेतलं. एक डबा मावेना, तो उमाजीमामांच्या हातात आणि बांबूंची मोळी त्यांच्या खांद्यावर. परतीची वाट कमरेएवढ्या वाळल्या कुसळी गवतातून होती.

दोघं निम्मी वाट उतरले आणि खालून तडतड ऐकू आली. धूर! मग ज्वाळा! वाऱ्यावर स्वार झालेला वणवा थेट वर येत होता.

"वर पळ, शेंड्याकडं!" उमाजीमामा ओरडले.

"नाही मामा! आग चढावर आपल्याहून जोरात पळते. आडवं चला, काळ्या उतारावर! जे एकदा जळलंय ते पुन्हा जळत नाही!"

मामांनी मोळी फेकली. दोघं धावले. तेवढ्यात धुरातून खोकला आला. लिंबाचा डहाळा घेऊन एक माणूस आग झोडपत होता. झोडपता झोडपता तो कोसळला.

किशनराव! पायथ्याच्या वावराचे मालक. पेरणीआधी धुरा, म्हणजे वावराच्या कडेचा गवताळ पट्टा, पेटवून द्यायची इथली रीत. भर दुपारी, वाऱ्यात धुरा पेटवू नका, असं शिवकन्येने गावात बैठक घेऊन सांगितलं होतं. पहिल्या रांगेत बसून हेच किशनराव माना डोलवत होते!

पाठीवर पोतं, समोर माणूस. दोन्ही ओढणं शक्य नव्हतं. तिने दातओठ खाल्ले आणि पोतं टाकलं.

"उठा! उठा म्हणते ना! मरायचं तर घरी मरा, माझ्या डोंगरावर नको!"

दंडाला धरून तिने त्यांना ओढलं. मामांनी दुसरा हात धरला. पाठ भाजत होती. श्वास कोंडला. अजून थोडं! तिघं काळ्या उतारावर आदळले. मागे पोत्याने पेट घेतला, डबे खडखडत दरीत गेले.

काळ्या कडेशी येऊन आग थांबली. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण आज फुफाट्यानेच जीव वाचवला. वारा मात्र थांबला नव्हता. सगळा उतार भुरुभुरु उठू लागला, नाकातोंडात जाऊ लागला.

"दरसाल पेटवतो बाई, कधी न्हाई असं झालं," किशनराव पुटपुटले. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. "अन् ही तर नुस्ती राख उडायलीय."

शिवकन्येचा संताप अनावर झाला. तिने उडती चिमूट पकडून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बाटलीतलं पाणी ओतलं. राख तरंगून वाहून गेली. खाली उरला तो दाट, तपकिरी गाळ. किशनरावांनी तो अंगठ्याने चोळला. शेतकऱ्याचा अंगठा तो, त्याला काय सांगावं लागतं?

"माती हाय ही," ते हळूच म्हणाले. "लय गुणाची माती."

"दरसाल अशीच जाते! तुमचा धुरा पेटतो अन् डोंगर उडतो. साहेब म्हणतात धूळ, तुमी म्हणता राख!"

पळताना मामांच्या हातातला डबा सांडून रिकामा झाला होता. बांबू जळत होते. तिने डबा किशनरावांच्या हातात दिला.

"छातीएवढा धरा. तोंड वाऱ्याकडं. हलवायचा नाही!"

वाऱ्याने झोडपून काढलं. किशनराव डोळे मिटून उभे राहिले. डबा हळूहळू जड होऊ लागला.

"हात भरून आले, बाई."

"येऊ द्या! वारा अजून पडला नाही. अन् उद्या हा डबा एकटा जायचा नाही बैठकीला. तुमीबी यायचं. कुणी पेटवलं, काय उडालं, ते तुमच्या तोंडानं सांगायचं!"

किशनरावांनी मान डोलवली. हात मात्र खाली घेतले नाहीत.