फॉर्मवरची दुसरी ओळ

परीक्षक मंडळी, तुम्ही चोर आहात! अक्कानं आणि तिच्या धाकट्या भावानं पाठवलेली काचेची सुरई तुम्ही परत धाडलीत, वर चिठ्ठी जोडलीत : 'एका कलाकृतीस एकच कलाकार. एक सही पुसून नव्यानं फॉर्म भरावा.' आता कुणाची सही पुसायला सांगितलीत तेही ऐका.

बावीस वर्षं अक्का भट्टीशेजारी गुडघे टेकून बसली. भाऊ बाकावर बसून फुंकनळी फिरवी, ओल्या कागदाच्या घडीनं लालबुंद काचेला आकार देई, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंड लावून अक्का आपला प्राण त्या काचेत ओती. "फुंक!... हळू!... थांब!" तो ओरडे. आईबाप गेल्यावर त्याला ही विद्या मिळावी म्हणून तिनं आपलं शिक्षण सोडलं, ठरलेलं लग्न मोडलं! प्रदर्शनात कुणी विचारलं, "या कोण?" तर तो म्हणे, "मदतीला असते." ती खोक्यांत पेंढा भरत राही.

यंदा डॉक्टरांनी तिचं फुंकणं बंद केलं. पगारी माणूस आला. सात सुरया वाकड्या झाल्या, आठवी फुगून फाटली.

"अरे, थांब म्हटल्यावर थांबायला काय होतं तुला?"

"साहेब, तुम्ही म्हणता तेव्हाच तर थांबतो!"

भावाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. अक्काचे फुगलेले गाल त्याला आठवले... त्याच्या ओरडण्याआधीच ते बसलेले असत. नेहमीच!

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "अक्का, माझं 'थांब' ऐकून तू कधी थांबलीस?"

"तुझं ऐकेपर्यंत काच थांबते होय रे, छोट्या?" ती हसली. "रंग उतरला की कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"किती झोकात ओरडायचास! म्हटलं, ओरडू दे."

चाळिशीला टेकलेला तो माणूस तिच्या पायाशी बसून हमसाहमशी रडला. दोघांनी मिळून केलेली शेवटची सुरई अजून बिनसहीची होती. हिऱ्याच्या टोकाची लेखणी त्यानं तिच्या हातात दिली. "आधी तुझं नाव."

ते नाव तुम्ही नाकारलंत! चिठ्ठी वाचून अक्का म्हणाली, "माझं घासून टाक. बक्षीस हातचं घालवू नकोस."

"बास, अक्का! बावीस वर्षं मी घासतच होतो."

होय, पहिला चोर घरचाच होता. पण तो निदान रडला तरी. त्यानं पट्टी घेतली, तुमच्या फॉर्मवर 'कलाकार' या शब्दाखाली हातानं दुसरी ओळ आखली, पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहिलं आणि दुसरीवर आपलं.

सुरई पुन्हा तुमच्या टेबलावर आली आहे. ही एक ओळ आखायला तुम्हाला कोणी अडवलं होतं? उत्तर द्या!