खळ वाळेपर्यंत

वरचा थर

मे महिन्यात धामणटेकवर भिंतींना कागद लागतात.

लोणावळ्याहून जीपने तलावाच्या काठाशी यायचं, मकसूद मुलाणीच्या होडीत बसायचं, की समोर बेट. बेट म्हणजे पूर्वीची टेकडीच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि माथ्यावरची घरं तेवढी राहिली. होडीतून विटा आणायच्या कुणी, म्हणून घरं अजून कारवीच्या कुडाची, वरून शेणामातीचा लेप. पावसाळ्यात पाण्यावरून वारा चारी बाजूंनी येतो आणि फटीफटीतून शिट्ट्या घालतो. त्यावर बेटाने काढलेला उपाय एकच: मैद्याची खळ शिजवायची आणि आतल्या अंगाने भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवायची. जुनी काढायची नाहीत, जुन्यावर नवी. पन्नासेक पावसाळ्यांत भिंतींवर बोटभर जाड साल चढली होती. टिचकी मारली की पुठ्ठ्यासारखी वाजायची.

रद्दी आणायचं काम राजेश्वरी मापारीचं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात ती बिलं करायची, आणि दुकानातली रद्दी शनिवारी बेटावर न्यायची. बेटावरची एकटी पदवीधर. हिशेब लागला नाही तर तिला घास गिळवत नसे.

"तुझ्या डब्याला छापखान्याचा वास येतो गं," शेजारच्या गल्ल्यावरची अनिता नाक मुरडायची. "भाजीला फोडणी देता की शाई?"

"रॉकेलचा असेल. स्टोव्ह जुनाय आमचा."

राजेश्वरीला ते खरंच वाटे. कागद लावायच्या दिवसांत आईचे, म्हणजे नंदाबाईचे, हात काळे व्हायचे. सगळ्यांचेच होत असतील, असंही तिला वाटे.

त्याखालचा

यंदा खळीबरोबर बेटावर संशयही शिजत होता.

धरणाची उंची वाढणार होती. येत्या एकदोन वर्षांत माथाही पाण्याखाली जाणार, आणि बदल्यात सोमाटण्याच्या अलीकडे घरासाठी जागा मिळणार. वडगावच्या तालुका कचेरीत जाऊन आलेल्या अंबाजी गराड्यांनी पारावर बसून सांगितलं, "जागा सहा हायेत. पाणी चढलं तवा टेकाडावर सहाच घरं व्हती, आसं सरकारदरबारी लिवलंय."

घरं सात होती.

त्या दिवसापासून बेटाची तऱ्हा पालटली. एका घरचं दूध दुसऱ्या घरी जाईना. कुणाची चूल कधी पेटते, कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, याच्यावर डोळे लागले. दारं दिवसाही ओढून घेतलेली. गंमत अशी की प्रत्येक घर छातीवर हात ठेवून सांगे, आम्ही पहिल्यापासूनचे. आणि प्रत्येकाला बाकीची सहाही घरं पहिल्यापासूनच आठवत होती.

सोपान कचऱ्याने मात्र बोट दाखवायला वेळ लावला नाही. "मुलाणी मागनं आलं. होडी चालवायला आणलं आसंल कुणीतरी त्यान्ला."

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या माझ्या आईनं शिजवल्यात सोपाना," मकसूद वल्हं खांद्यावर टाकत म्हणाला. "तवा कुटं व्हतो मी, पान्यात?"

दुसऱ्या दिवसापासून चार घरांची माणसं त्याच्या होडीत बसायची बंद झाली. सोपानने ड्रम बांधून तराफा केला.

राजेश्वरीला हे पटत नव्हतं. पण सहा जागांतली एक आपली असावी, असं तिलाही वाटत होतं, आणि मुलाण्यांचं नाव निघालं की आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटे. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला भीती वाटू लागली.

तिने अंबाजींना विचारलं, "आबा, पहिल्या पावसाळ्यात सगळे होते ना?"

"व्हते की. सगळ्या घरांत मिळून येक काडेपेटी. मकसूदच्या आईच्या, जैतुनबीच्या चुलीतनं इस्तू न्यायचा. ढोऱ्याच्या म्हाताऱ्यानं होडगं केलं, शेलारानं बैल पोहत काठाला न्हेलं."

"आणि माझे आजोबा?"

अंबाजी तंबाखू मळता मळता लांब बघत राहिले.

"व्हता की तुझा आजा. बसला व्हता तितं."

येवल्यांच्या काकूंना विचारलं. त्यांनाही सगळ्यांचं सगळं आठवत होतं. "मापारीबाबा? बसल्याले असायचे बाई."

आणखी खाली

अंबाजींच्याच बोलण्यातून तिला धागा मिळाला. पाणी चढलं त्या वर्षी लोणावळ्याच्या 'घाटवाणी' साप्ताहिकाचा माणूस बेटावर येऊन गेला होता. त्याने बातमी छापली, आणि पुढच्या खेपेला न खपलेल्या त्या अंकांचा गठ्ठाच आणून दिला. भिंतींना पहिला कागद लागला तो त्याचा. घरोघर एकच अंक.

'घाटवाणी' केव्हाच बंद पडलेलं. जुने अंक वाचनालयाच्या माळ्यावर बांधून ठेवलेले होते. तिथल्या बाईंनी फडक्याने धूळ झटकली आणि म्हणाल्या, "जपून उलट. कसरीनं जेवण केलंय त्यात."

जून १९७१. तिसरं पान.

> …खालील सर्व वस्ती हलविण्यात आली असून धामणटेक माथ्यावर आता सहा घरे उरली आहेत. गराडे, ढोरे, कचरे, येवले, शेलार व

पुढे भोक. कसरीने नेमकं तेवढंच खाल्लेलं, जाळीदार, नाजूक.

राजेश्वरीने फोटो काढला. पाच नावं धडधडीत. उरलेली घरं दोन, मुलाणी आणि मापारी. त्यांतलं एक त्या भोकात होतं.

दुसरं कुठून आलं होतं?

परत येताना ती मकसूदच्या होडीत एकटीच होती. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "घावलं?"

"अर्धंच."

"न घावल्यालं अर्धं म्हंजी आमीच," मकसूद म्हणाला.

भिंत पहिली

पारावर फोन हातोहात फिरला. सोपानने दोन बोटांनी फोटो मोठा केला, भोकात डोळा घालून बघितलं आणि जाहीर केलं, "मापारी. जागा तेवढीच हाय."

"मुलाणीबी तेवढंच बसतंय की," शेलारांपैकी कुणी पुटपुटलं.

तेवढ्यात मकसूदची आई जैतुनबी काठी टेकत आली. वय ऐंशीच्या पुढे, पदर डोक्यावरून ओढलेला. "भिंत सोला," ती म्हणाली. "माझी सोला आदी. तळाला त्यो पेपर न्हाई निगाला तर मी उद्याच्याला होडीत बसून जाते."

सगळे तिच्या घरी गेले. कणगीमागचा कोपरा निवडला. मकसूदने फडकं ओलं करून भिंतीवर धरलं आणि अंबाजींनी विळ्याने चौकोन कापला. पापुद्रे सुटू लागले. मोबाईलच्या जाहिराती. त्याखाली द्रुतगती मार्गाचं काम. त्याखाली लॉटरीचा निकाल, त्याखाली वधू पाहिजे, त्याखाली दुष्काळात रेशनवर आलेला मिलो जोंधळा. कागद पिवळा, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखा. शेवटचा पापुद्रा मातीला धरून बसलेला, हात लावताच चुरा. पण वरची पट्टी राहिली. 'घाटवाणी'. जून १९७१.

जैतुनबीने चुरा ओंजळीत घेतला. राजेश्वरीचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. सकाळीच ती दुसऱ्या भिंतीला नवे कागद लावत होती. बोटांवर वाळलेली पांढरी खळ होती. फक्त पांढरी.

पाच आणि एक सहा, हे शाळेत न गेलेल्यालाही कळत होतं. एकेक मान राजेश्वरीकडे वळली.

"आता आमची," ती म्हणाली.

भिंत दुसरी

नंदाबाई दारातच उभी होती. "जेवून घ्या की आदी. भिंत कुटं पळतीय."

"आई, सरक."

"वल्ली हाय गं भिंत."

"वल्ली आसंल तर बरंच," सोपान म्हणाला. "सुटंल झटक्यात."

नंदाबाई बाजूला झाली आणि चुलीवरच्या खळीपाशी जाऊन बसली.

राजेश्वरीने विळा स्वतः घेतला. लहानपणी जिथे तिची खाट असायची तो कोपरा. मोबाईलच्या जाहिराती. द्रुतगती मार्ग. लॉटरी. वधू पाहिजे. मिलो. तेच थर, त्याच क्रमाने. तिला हायसं वाटलं.

शेवटचा पापुद्रा चुरा झाला नाही. तो अख्खा सुटून आला, ओल्या धोतरासारखा जड. मागे माती कोरडी होती, कालच सारवून वाळल्यासारखी.

'घाटवाणी'. जून १९७१. तिसरं पान.

अंबाजींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

> …धामणटेक माथ्यावर आता सात घरे उरली आहेत. गराडे, ढोरे, कचरे, येवले, शेलार, मुलाणी व मापारी.

आधी कुणालाच समजलं नाही. मग सगळे एकदम बोलू लागले.

"सात," मकसूद म्हणाला, आणि मटकन उंबऱ्यावर बसला.

"मग ह्या फोनात सहा कसं काय?" शेलाराने विचारलं.

"छापणाऱ्याची चूक," सोपान म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज सैल झाला होता. "मागनं सुदारून छापलं आसंल. आन सुदारलेलाच गठ्ठा आपल्याला दिला."

"हेच वडगावला दावायचं," अंबाजी म्हणाले. "छापील हाय. सातवी जागा द्यावीच लागंल."

सोपान मकसूदजवळ गेला. तंबाखूचा बटवा पुढे केला. मकसूदने जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग चिमूट घेतली.

"तराफा मोड तेवढा," तो म्हणाला. "बुडशील."

हसत हसत माणसं पाराकडे गेली. बेटावर बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कुणाला चहाला बोलावत होतं.

तळ

राजेश्वरी मागे राहिली.

पान जमिनीवर पसरून तिने फोन शेजारी ठेवला. तेच पान, तीच जाहिरात, तोच वाकडा छापलेला मथळा. सुधारलेल्या अंकात ती चूकही तशीच राहिली होती.

सहा. सात.

तिने आपल्या आडनावावर हात टेकला. पन्नास वर्षांचा कागद. गार लागला.

हात उचलला.

तळहात काळा झाला होता. त्यावर उलटी अक्षरं उमटली होती, काठ अजून चकाकणारे. तिने तळहात नाकाशी नेला. डब्याला यायचा तोच वास.

कागदावर त्या जागी आडनाव पुसट झालं होतं. 'मुलाणी व' पर्यंत ठळक. पुढे सावली.

"आई," ती म्हणाली, "आपलं घर कुणी बांधलं?"

नंदाबाई खळ ढवळत होती.

"आजोबा काय करायचे?"

"बसायचे."

"त्याआधी?"

ढवळणं थांबलं.

बाहेर पारावर कपबशा वाजल्या. कुणीतरी हाक मारली. हाक सगळ्या घरांना होती. एकेक आडनाव घेत अंबाजी बोलावत होते. गराडे, ढोरे, कचरे, येवले, शेलार, मुलाणी.

मग ते थांबले. सातवं नाव आठवत असल्यासारखे.

राजेश्वरी उठली आणि हात धुवायला रांजणाकडे निघाली.

आईने तिचं मनगट धरलं. आईचे हात कोपरापर्यंत काळे होते. तिने राजेश्वरीला कागदापाशी परत बसवलं, तिचा काळा तळहात पुसट आडनावावर नेमका टेकवला आणि वरून आपला दाबून धरला.

"हलू नगंस," ती म्हणाली. "आदी वाळू दे."