पाच पायली बाजरी

"चोरी! चोरी झाली!" स्वराज शाळेच्या खोलीतून ओरडतच बाहेर आला. त्याच्या ओंजळीत एका पोत्याच्या भोकातून सांडलेली बाजरी होती, आणि बाजरीत टोरके किडे वळवळत होते!

गेल्या पावसाळ्यात भीमेचं पाणी वस्तीत शिरलं, तीन दिवस दौंडचा रस्ता बंद झाला आणि वस्तीचे डोळे उघडले. मग बैठक बसली. परसात भाजी लावायची आणि घरटी पाच पायली चांगली बाजरी पुरासाठी शाळेत ठेवायची, असं ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती पोती उन्हात घालायचं काम पूनम, स्वराज आणि निखत या तिघांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

"चांगली बाजरी कुणीतरी बदलली!" स्वराज म्हणाला.

"चावी तर इम्तियाजचाचांकडंच असती!" पूनम बोलून गेली. तेही चारचौघांत!

या साठ्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख तात्याबा तिथंच उभे होते. वर्षभरात त्यांनी एकदाही खोलीत डोकावलं नव्हतं. पण आता त्यांनी इम्तियाजचाचांपुढं हात केला. "चावी आना हिकडं." चाचांनी मुकाट्यानं चावी दिली. निखत आपल्या अब्बांकडं बघत राहिली आणि मग पूनमकडं न बघताच निघून गेली.

"पण चोरानं पोतं उसवून परत तसंच शिवलं कसं गं?" स्वराज डोकं खाजवत होता.

पूनम खोलीत वाकून बघू लागली. प्रत्येक घराची शिवण वेगळी. कुणाची सुतळीची, कुणाची लुगड्याच्या काठाची. पूनमच्या घरच्या पोत्यावर काळ्या लोकरीचे तिनंच घातलेले वाकडेतिकडे टाके जसेच्या तसे होते. आणि आत काय आहे, ते तिला पक्कं ठाऊक होतं! "जुन्या पिंपातली भर," आई म्हणाली होती, "बाकीचे देत्यालच की चांगली!"

तिचे कान लाल झाले. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण निखतचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"तात्याबा, चोर न्हाई!" ती बाहेर येऊन म्हणाली. "आमच्या पोत्यात म्याच किडकी भरली. आता ज्यानं त्यानं आपापली शिवण बघून पोतं सोडा!"

माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. एकेक पोतं सुटलं. टोरके, जाळी, कुबट वास! तात्याबांचं तर सगळ्यांत वाईट निघालं. स्वच्छ निघालं ते एकच, इम्तियाजचाचांचं.

तिन्हीसांजेपर्यंत घराघरातून नवी बाजरी आली. पूनमच्या आईनंही डोईवरून आणली, पण मान वर केली नाही. तात्याबांनी चाचांना चावी परत दिली आणि पूनमच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पोर लई धीराची!"

सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. पूनमला मात्र ते कौतुक नको झालं. ती गर्दीतून निखतजवळ गेली. "माझं चुकलं गं," ती पुटपुटली.

"मला नगं सांगू," निखत म्हणाली. "अब्बांना सांग. आन् मोठ्यानं. सकाळीबी मोठ्यानंच बोलली व्हतीस."

पूनम वळली. ती चाचांसमोर जाऊन उभी राहिली. सगळी वस्ती बघत होती.

"चाचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या तुमच्यावर उगाच आळ घेतला."