अठ्ठ्याण्णवची रेघ

पूर्वी दाढ काढली की डॉक्टर ती कचऱ्यात टाकत. आता, २०४६ साली, कऱ्हाडच्या कुठल्याही दवाखान्यात ती परत मिळे आणि सोबत तिचा वलयपट. दाताच्या मुळावर दरवर्षी एक थर चढतो, झाडाच्या खोडात चढतो तसा. त्याचा केसाहून पातळ काप यंत्राखाली धरला की माणसाचं आयुष्य वर्षावर्षानं मोजता येई. लग्नाकार्यात जमलेली माणसं आता एकमेकांचे वलयपट बघत बसत.

बहात्तर वर्षांच्या शैलजाबाई भोसेकरांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. पण डॉक्टर निखत मुजावर यांनी त्यांच्या नुकत्याच काढलेल्या दाढेवरची एक बारीक रेघ पडद्यावर दाखवून, या वर्षी बाळंतपण झालं असणार, असं म्हटलं आणि त्या सावरून बसल्या. मुलीचं जन्मवर्ष बरोबर होतं. सहा वर्षांपूर्वीची रेघही बरोबर होती. त्या साली त्यांचे यजमान, रमाकांत, गेले होते. सर्वांत काळी रेघ मात्र आत, खूप मागे होती.

“अठ्ठ्याण्णव साली काय झालं होतं?” निखतनं विचारलं.

“काहीच नाही. ते तर माझं सर्वांत सुखाचं वर्ष.”

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. रमाकांत पोफळीच्या वीजघरात पाळीवर जाई आणि दोघं अलोऱ्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत. त्या मार्चमध्ये शैलजाबाईंचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि रमाकांतनं महिनाभर रजा काढली. कधी चहा न केलेला माणूस मऊ भात शिजवायला शिकला. दुपारी तो त्यांना व्हरांड्यात बसवून केस विंचरून देई, वेणी मात्र शेवटपर्यंत वाकडीच घाली. वाचनालयातले जुने दिवाळी अंक मोठ्यानं वाचून दाखवी आणि विनोद आला की आधी स्वतःच हसे. शेजारणी चिडवत. पुढे बदल्या झाल्या, मुलगी झाली, संसार वाढला. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

ऑपरेशनचं ऐकून निखतनं ती रेघ पडद्यावर मोठी करून पाहिली. एवढ्यानं इतकी काळी रेघ उमटत नाही, ही शॉकची आहे, असं ती म्हणाली. शैलजाबाईंना हसू आलं. वीजघरात कामाला यजमान होते, त्या नव्हत्या.

“विजेचा नाही, रक्ताभिसरणाचा,” निखत म्हणाली. “खूप रक्त गेलं की दाब कोसळतो. मग शरीर कातडीच्या, आतड्यांच्या, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उरलेलं रक्त हृदयाला आणि मेंदूला पुरवतं. बाकीचे अवयव उपाशी राहतात. दातही त्यातलाच. त्याची वाढ थांबते, तिथे रेघ राहते. तुम्ही थोडक्यात वाचलात, शैलजाताई.”

तेव्हा त्यांना दवाखान्यात नेणारी जीप आठवली. कुंभार्ली घाट. घामानं भिजलेलं अंग, बर्फासारखे गार पडलेले पाय आणि ते मांडीवर घेऊन चोळणाऱ्या शेजारच्या मंदावहिनी.

मंदावहिनी कदम आता चिपळूणला लेकाकडे असत. घरी आल्याबरोबर शैलजाबाईंनी त्यांना फोन लावला. वहिनींनी आधी तब्येतीची चौकशी केली, विषय बदलून पाहिला. शेवटी दातावरच्या रेघेचं ऐकलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

“अपेंडिक्स नव्हतं गं ते,” त्या म्हणाल्या. “गर्भ नळीत राहिला होता, ती फुटली. तुला दिवस गेलेत हे तुलाही ठाऊक नव्हतं. अंगात रक्त भरेपर्यंत हिला काही सांगू नका, असं डॉक्टरांनी भावजींना बजावलं. मग तू बरी झालीस, हसायला लागलीस, आणि त्यांना सांगवेना. मला शपथ घातली.”

“ते कधी रडले का, वहिनी?”

“रजा संपून पाळीवर गेले तेव्हा. टर्बाइन चालू असलं की तिथे कोणाला काही ऐकू येत नाही ना. आमचे हे त्याच पाळीवर होते, त्यांनी पाहिलं होतं.”

फोन ठेवल्यावर शैलजाबाईंना आधी राग आला. शरीर त्यांचं, मूल त्यांचं, आणि अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनाच पत्ता नाही. त्यांच्या वतीनं ठरवणारा तो कोण? मग हसत हसत दिवाळी अंक वाचणारा रमाकांत त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. राग काही गेला नाही, पण त्या रागातच त्यांना हुंदका फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखतचा फोन आला. वलयपट आरोग्यनोंदीत चढवायचा होता. तिथे प्रत्येक रेघेपुढे कारणाचा रकाना असतो. अठ्ठ्याण्णवपुढे काय लिहू, असं तिनं विचारलं.

शैलजाबाईंनी वहिनींनी सांगितलेलं सगळं नीट, न अडखळता सांगितलं. निखतनं ते टिपून घेतलं, पण शैलजाबाईंनी फोन ठेवला नाही.

“डॉक्टर, रेघ माझ्या दातावर आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते वर्ष ज्यानं सोसलं, त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?”