ढब्बूवरचा आरोप

"इंजेक्शन घेऊन या," घोडेस्वारीच्या शाळेचे मालक फोनवर म्हणाले होते. "ढब्बूनं मास्तरांचा जीव घेतला."

जनावरांच्या डॉक्टरबाई पोहोचल्या तेव्हा मास्तरांना नेलं होतं. रिंगणातल्या खांबावर रक्ताचा डाग होता. पलीकडे खोगिरासकट ढब्बू बांधलेला: आखूड पायांचा, पिंपासारख्या पोटाचा पोनी.

"नऊला मुलांचे आईवडील येतील. त्याआधी याला इंजेक्शन देऊन उरका," मालक म्हणाले.

फौजदार वहीत लिहीत होते.

"नेमकं झालं काय?" बाईंनी विचारलं.

"मुलांच्या आधी मास्तर स्वतः बसून बघायचे. मी ऑफिसच्या खिडकीत होतो. तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथीला हा उसळला. डोकं खांबावर आपटलं. मी धावलो, पण संपलं होतं."

"खोगीर कुणी घातलं?"

"मास्तरांनीच."

"नंतर कुणी हात लावला?"

"कुणी नाही. मी लगाम धरून बांधला फक्त. का हो, चौकशी तट्टाची की माझी?"

"सवय आहे. आमचे पेशंट बोलत नाहीत, म्हणून मालकांना विचारावं लागतं."

मास्तरांची मुलगी खोगिरांच्या खोलीत स्टुलावर बसली होती. पाय वर घेऊन, कारण फरशी ओली होती.

बाई दारातच थबकल्या. चामड्याला बुरशी धरते म्हणून मास्तर या खोलीत ओलं फडकंही येऊ देत नसत. त्यावरून बाईंनी एकदा बोलणी खाल्ली होती.

"फरशी कुणी धुतली?"

"मी आले तेव्हा ओलीच होती." मुलगी खाली बघत राहिली. "आज बाबा आईवडिलांशी बोलणार होते. कशाबद्दल ते सांगितलं नाही." मग म्हणाली, "सत्तावीस पोनी बघून त्यांनी ढब्बू आणला होता. दिसायला कसा का असेना, मुलांखाली न बिथरणारा हवा, म्हणायचे. डॉक्टर, त्यांची निवड चुकली का?"

बाई तबेल्याकडे वळल्या.

शेवटच्या खणात नवी तपकिरी घोडी होती. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती, पण पापणी हलत नव्हती.

"ही माझी निवड," मागून मालक म्हणाले. "मास्तर नाकं मुरडायचे. पण बघा, अगदी गरीब गाय."

मंगळवारी मास्तरांनी बाईंना फोन केला होता. धडधाकट घोड्याचा ओठ कशानं लोंबतो, असं विचारत होते. बाई घाईत होत्या. "सोमवारी बघू," म्हणाल्या होत्या. आज रविवार होता.

त्या ढब्बूकडे परतल्या. खोगीर पोटाशी आवळणारा पट्टा म्हणजे तंग. त्याखाली त्यांनी हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"फौजदारसाहेब, रिकिबीत पाय ठेवा. चढल्यासारखं करा."

फौजदारांनी भार टाकला मात्र, खोगीर गर्रकन फिरून पोटाखाली गेलं. साहेब भुशात बसले. ढब्बूनं कानसुद्धा हलवला नाही.

"हा म्हणे उसळतो," बाई म्हणाल्या.

फौजदार कपडे झटकत उठले. "सांगा."

"तंग आवळताना हा पोट फुगवतो. पुष्कळ पोनी फुगवतात. मग दहा पावलं चालवायचं. श्वास सुटला की पट्टा दोन भोकं वर घ्यायचा. वरच्या भोकापाशी बकलाचा वळ आहे बघा, रोजचा. आज बकल खालच्या भोकात आहे. या खोगिरावर आज कुणी बसलेलं नाही. तीन फेऱ्या लांबच राहिल्या."

"उसळताना सैल झाला असेल," मालक म्हणाले.

"बकल आपणहून दोन भोकं खाली उतरून पुन्हा लागत नाही. आणि मास्तर सैल तंगावरून पडले असते, तर खोगीर आत्तासारखं पोटाखाली सापडलं असतं. ते सरळ होतं. कुणी हात लावला नाही, हे तुम्हीच सांगितलंत. ज्यानं खोगीर चढवलं त्याला ढब्बूची खोड ठाऊक नव्हती. मास्तरांना होती. तुम्ही आजवर एकदा तरी खोगीर घातलंय?"

मालक एक पाऊल मागे सरकले.

"बिथरणारी घोडी गरीब दिसावी म्हणून तिला गुंगीचं औषध देताय तुम्ही. रक्त तपासलं की दिसेल. ते उतरलं असतं, तेव्हा तिच्यावर एखादं सहा वर्षांचं पोर असतं. मास्तर आज ते सगळ्यांना सांगणार होते. तुम्ही त्यांना खोगिरांच्या खोलीत गाठलंत. म्हणून फरशी धुवावी लागली. मग त्यांना इथे आणलंत आणि ढब्बूवर खोगीर टाकलंत."

"एका घोडीपायी शाळा बंद पाडायला निघाले होते," मालक पुटपुटले. "मी नुसतं ढकललं."

"आणि खांबाला रक्त कुणी लावलं?" फौजदारांनी त्यांचा दंड धरला.

मास्तरांची मुलगी केव्हा येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नव्हतं.

"म्हणजे निवड चुकली नव्हती."

"नाही."

"म्हणजे बाबा पडले नाहीत. त्यांना माणसानं पाडलं."

"हो," बाई म्हणाल्या. "मंगळवारीच मी यायला हवं होतं."

 मुलीनं वाकून खोगीर सोडवलं. ढब्बूनं रिकाम्या बादलीत नाक खुपसलं.

फाटकाशी पहिली गाडी थांबली. एक चिमुरडी हेल्मेट घालूनच उतरली.

"बाबा सांगणार होते ते मी सांगते त्यांना," मुलगी म्हणाली. "तुम्ही याला खायला घाला. दोनच ओंजळी हं. जास्त दिलं की बाबा रागावतात."

ती फाटकाकडे चालू लागली.